अंगणच वाकडे होते

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. आमच्या घरी बोलल्या जाणाऱ्या कोकणीतही ती थोड्याशा फरकाने वावरते. या म्हणीचा रोख सदैव नाचणाऱ्यावर असतो. त्याला कला अवगत नाही आणि दोष मात्र तो अंगणाला देतो, असा तिचा अभिप्राय आहे. परंतु अंगण खरोखरीच वाकडे असेल काय, ही शंका म्हण ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात सहसा येत नाही. यंदा आमच्या शाळेत असा एक प्रसंग घडला की, त्यामुळे आम्हांस ही शंका घेणे भाग पडले. आणि शोध घेता असे आढळले की, त्या वेळी अंगणच वाकडे होते. ते अंगण कोणते, ते वाकडे कसे होते आणि सरळ करण्यास काय करावे लागले, हे विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

आमच्या शाळेचे वेळापत्रक गेली अनेक वर्षे एक ज्येष्ठ बाई तयार करीत आल्या आहेत. त्यांची रीत जुनी. पुठ्ठ्याच्या चौकोनी चिठ्ठ्या, प्रत्येक विषयाला निराळा रंग, प्रत्येक चिठ्ठीवर शिक्षकाच्या नावाचे आद्याक्षर. आणि या साऱ्या चिठ्ठ्या शिक्षकखोलीतील मोठ्या टेबलावर मांडून त्या दोन दिवस एकाग्रतेने हलवीत बसत. गेल्या वर्षी आमच्या संगणक मंडळातील विद्यार्थ्यांनी हेच काम पडद्यावर करणारा एक प्रोग्राम लिहिला. पायथन या भाषेत, तिच्याबरोबरच मिळणाऱ्या टीके-इंटर या साधनाने तो लिहिलेला होता. आडव्या ओळींत वार, उभ्या रकान्यांत तास, बाजूला रंगीत चिठ्ठ्यांची चळत. माऊसने चिठ्ठी पकडावी, ओढावी आणि हव्या त्या चौकटीत सोडावी. पाहणाऱ्याला मोठे कौतुक वाटावे असेच ते काम होते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर; मंडळाची देखरेख आमच्याकडे केवळ दुसरे कोणी मोकळे नव्हते म्हणून आली. आम्हीही कौतुक केले, आणि तो प्रोग्राम बाईंच्या हाती दिला.

बाईंनी नेटाने वेळापत्रक मांडले. पडद्यावर सारे जागच्या जागी दिसत होते. छापील प्रती वर्गावर्गांत लागल्या आणि सोमवारी पहिल्या तासाला नववीच्या एका तुकडीत कोणीच शिकवायला गेले नाही. छापील कागदावर ती चौकट रिकामी होती. त्याच दिवशी दुपारी आणखी एक घोटाळा निघाला: आठवीचा विज्ञानाचा एक तास नाहीसा होऊन त्याच्या जागी चित्रकला आली होती. शिक्षकखोलीत कुजबूज झाली. बाईंनी पुन्हा संगणकासमोर बसून पाहिले. पण चिठ्ठी एकदा बाणाखालून भलतीकडे उडे, एकदा नुसता हात लावताच जागा सोडी. मंडळातील एक मुलगा सहज म्हणून गेला, “नाचता येईना, अंगण वाकडे!” मुले हसली. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही ओठांतल्या ओठांत हसलो. बाई उठल्या. “म्हज्या हातान हें जावपाचें ना,” एवढेच त्या आमच्याशी कोकणीत बोलल्या, आणि कपाटातून त्यांनी आपल्या जुन्या चिठ्ठ्यांचा डबा बाहेर काढला.

ते वाक्य आमच्या मनाला लागून राहिले. ज्या हातांनी इतकी वर्षे शाळेची घडी बसविली, त्या हातांना वर्षभर शिकलेल्या मुलांसमोर असे म्हणण्याची पाळी यावी काय? त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही मुलांना थांबवून घेतले आणि त्यांच्याकडून प्रोग्रामची प्रत्येक ओळ समजावून घेतली. पुढील कित्येक दिवस हाच उद्योग चालला. त्यातून आमचे जे मत बनले ते प्रारंभीच सांगतो. पडद्यावरची वस्तू ओढून सोडण्याची जी क्रिया आहे, तिच्यात हात वापरणाऱ्याचा असला, तरी जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची असते. वस्तू उचलल्यापासून ती ठेवीपर्यंत जे जे होईल, त्याला तोच उत्तरदायी होय. वापरणाऱ्याचा हात चुकला, असे म्हणण्याचा अधिकार त्याला फार उशिरा प्राप्त होतो.

प्रथम ही क्रिया आतून कशी असते ते पाहू. आपण जिला ‘ओढणे’ म्हणतो, तिची संगणकाला मुळी कल्पनाच नसते. त्याच्याकडून प्रोग्रामला तीनच प्रकारच्या वार्ता येतात. माऊसची कळ अमुक ठिकाणी दाबली गेली, ही पहिली. बाण अमुक ठिकाणी सरकला, ही दुसरी. आणि कळ अमुक ठिकाणी सुटली, ही तिसरी. मधली वार्ता पुनःपुन्हा येते. साधा माऊस सेकंदाला सुमारे १२५ वेळा आपली हालचाल कळवीत असतो. म्हणजे आपल्याला जी अखंड रेघ वाटते, ती प्रोग्रामच्या दृष्टीने तुटक ठिपक्यांची माळ असते. या माळेला ‘चिठ्ठी मंगळवारातून बुधवारात नेली’ असा अर्थ देणारा तो प्रोग्राम लिहिणारा. तेव्हा अर्थाचा अनर्थ झाला, तर त्याचा जाबही त्यालाच विचारला पाहिजे, हे उघड आहे.

पहिला वाकडेपणा आम्हांस आढळला तो असा. मुलांच्या प्रोग्रामात कळ दाबून बाण एका ठिपक्याइतका जरी हलला, तरी ओढणे सुरू झाले असे मानले जाई. तरुण, सराईत हाताला यात काही जाणवत नाही. परंतु कोणत्याही माणसाचा हात कळ दाबताना किंचित् हलतोच, आणि वयपरत्वे तो कंप वाढतो. बाई चिठ्ठीवर नुसती टिचकी मारून तिच्यावरची आद्याक्षरे पाहू जात आणि चिठ्ठी जागची हले. हा काही नवा शोध नव्हे. जाणत्या लोकांनी यावर फार पूर्वी उपाय योजून ठेवला आहे. विंडोजमध्ये कळ दाबल्या जागेपासून बाण ४ पिक्सेल सरकेपर्यंत ती टिचकीच समजावी, असा मुळातला संकेत आहे. क्यूटी या प्रसिद्ध साधनसंचात हेच अंतर १० पिक्सेल धरले आहे. उंबरठा ओलांडल्यावाचून कोणी घराबाहेर पडला असे आपण म्हणत नाही. तसाच हा हाताचा उंबरठा. मुलांच्या अंगणाला उंबरठाच नव्हता!

दुसरा वाकडेपणा अधिक फसवा होता. चिठ्ठी मधोमध पकडली तरी ती टुणकन् उडी घेऊन आपला डावीकडचा वरचा कोपरा बाणाखाली आणून ठेवी. कारण साधे होते. बाण जेथे असेल तेथे चिठ्ठीचा कोपरा मांडावा, एवढेच मुलांनी लिहिले होते. वस्तुतः चिठ्ठी उचलताना बाण आणि कोपरा यांमधील अंतर लक्षात ठेवावयाचे असते आणि प्रत्येक हालचालीत तेवढे अंतर वजा करावयाचे असते. आपण एखादे पुस्तक मधोमध धरून उचलले, तर ते आपल्या हातात फिरून कोपऱ्याने लटकू लागत नाही; पडद्यावरच्या वस्तूनेही तसे करू नये. या एका चुकीनेच नववीचा तास बुडाला. चिठ्ठी पहिल्या तासाच्या चौकटीवर पसरलेली दिसत होती. बाण मात्र तिच्या कोपऱ्याशी, म्हणजे वारांची नावे लिहिलेल्या डावीकडच्या पट्टीत होता. बाई चिठ्ठीकडे पाहत होत्या आणि प्रोग्राम बाणाकडे पाहत होता. डोळ्यांना चिठ्ठी जागेवर दिसली. नोंदवहीत ती कोठेच नव्हती. यात हात कोठे चुकला, ते वाचकांनीच सांगावे.

तिसरी उणीव खुणेची. चिठ्ठी हातात असताना ती कोणत्या चौकटीत पडेल, याची काहीच खूण पडद्यावर उमटत नसे. ज्या घरी पाहुणा जावयाचा त्या घराचे दार उघडे आहे की बंद, हे त्याला दुरूनच कळावे, असा आपला रिवाज आहे. संगणकाच्या जगातही तो पाळला जातो. विंडोजसाठी प्रोग्राम लिहिण्याच्या एका प्रचलित पद्धतीत, खिडकीच्या ज्या भागावर काही सोडू द्यावयाचे आहे, त्या भागाने ‘मी घेण्यास तयार आहे’ असे आधी जाहीर करावे लागते. आणि वस्तू त्याच्या हद्दीत शिरताच तो ती ठेवून घेणार, की तिची प्रत घेणार, की नुसता दुवा जोडणार, की काहीच घेणार नाही, हे सांगावे लागते. त्याने मौन पाळले तर बाणाजागी निषेधाची खूण येते, आणि सोडलेली वस्तू स्वीकारली जात नाही. नवशिके या मौनाच्या नियमाला वारंवार अडखळतात. परंतु नियम मोठा शहाणपणाचा आहे. घेणाऱ्याची संमती असल्यावाचून देणे पुरे होत नाही, हेच तो शिकवितो.

खूण चुकीची असली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ॲपल कंपनीच्या मॅकिन्टॉश संगणकात फ्लॉपी बाहेर काढावयाची तर तिचे चित्र कचऱ्याच्या डब्यावर नेऊन सोडण्याची रीत होती. फायली पुसून टाकण्यासाठी ज्या डब्यात टाकावयाच्या, त्याच डब्यात आपले सारे काम असलेली फ्लॉपी टाकावयाची! काहीही पुसले जात नसे. पण टाकणाऱ्याच्या छातीत धस्स होई. पुढे मॅक ओएस टेन आली, तेव्हा तबकडीचे चित्र ओढू लागताच डब्याच्या जागी ‘बाहेर काढा’ अशी खूण दिसू लागली. क्रिया तीच राहिली. बदलली ती केवळ खूण, आणि तेवढ्याने भीतीचे कारण उरले नाही.

आता सर्वांत गंभीर दोषाकडे येतो. मुलांच्या प्रोग्रामात कळ दाबताक्षणी चिठ्ठी वेळापत्रकाच्या नोंदीतून काढून टाकली जाई, आणि कळ सुटल्यावर खाली चौकट सापडली तर तिथे ती पुन्हा लिहिली जाई. चौकट सापडली नाही तर? तर ती कोठेच लिहिली जात नसे. आणि चौकटीत आधीच दुसरी चिठ्ठी असली तर? तर ती जुनी चिठ्ठी मुकाट्याने पुसली जाई. विज्ञानाचा तास चित्रकलेखाली गडप झाला तो असा.

रायबंदरहून चोडण बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीतून आम्ही अनेकदा प्रवास केला आहे. मांडवीच्या मध्यावर असताना माणूस ना या तीराचा असतो ना त्या तीराचा. पण म्हणून त्याचे नाव कोणी घरच्या शिधापत्रिकेतून खोडून टाकीत नाही. तो पलीकडे पोचला नाही आणि बोट परत फिरली, तर तो आपल्या घरीच येणार, हे गृहीत असते. ओढल्या जाणाऱ्या वस्तूची स्थिती नेमकी अशीच आहे, आणि तिच्याविषयीचा नियमही हाच असला पाहिजे. देणाऱ्याने आपल्याकडची वस्तू तोपर्यंत सोडू नये, जोपर्यंत घेणाऱ्याने ती स्वीकारल्याची वार्ता येत नाही. विंडोजमध्ये एका प्रोग्राममधून दुसऱ्या प्रोग्राममध्ये काही ओढून नेताना हीच शिस्त असते. ओढण्याचे काम संपले की देणाऱ्याला निकाल कळविला जातो: ‘प्रत घेतली’, ‘ठेवून घेतली’ किंवा ‘काही घेतले नाही’. ‘ठेवून घेतली’ असे उत्तर आले तरच त्याने आपल्याकडची मूळ वस्तू पुसावयाची. मध्येच एस्केप ही कळ दाबली, तर सारे रद्द होऊन वस्तू जेथल्या तेथे राहते. ओढू लागलेल्या माणसाला वाटेत विचार बदलण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या एका कळेत सामावलेले आहे. आमच्या मुलांनी टीके-इंटरमध्ये ही कळ स्वतः जोडून घेतली आणि केलेली प्रत्येक हालचाल मागे घेण्याचीही सोय केली.

येथे कोणी म्हणेल की, ओढून ठेवणे ही तर अगदी नैसर्गिक क्रिया. तान्हे मूलही खेळणे असेच हलविते. मग एवढा ऊहापोह कशासाठी? हा आक्षेप पोकळ नाही. पडद्यावरच्या वस्तूला जणू हातानेच हाताळावे, ही कल्पना इतकी सुखकर आहे की, तिच्यामुळेच संगणक सामान्य माणसाच्या आटोक्यात आला. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. माऊसचा पहिला नमुना म्हणजे लाकडी कवचाची एक लहानशी पेटी होती. तेथपासून १९८४ च्या मॅकिन्टॉशपर्यंतचा प्रवास म्हणजे आज्ञा पाठ करून टंकण्याच्या जाचातून माणसाची सुटका होण्याचाच प्रवास आहे. त्या सुखाचे आम्ही विरोधक नाही.

परंतु टेबलावरची चिठ्ठी आणि पडद्यावरची चिठ्ठी यांत एक मोठे अंतर आहे. बाईंच्या टेबलावरची चिठ्ठी हातून सुटली तर ती जमिनीवर पडते. वाकून पाहिले की सापडते. दुसऱ्या चिठ्ठीवर पडली तर खालची चिठ्ठी नाहीशी होत नाही. टेबलाला काठ आहे, चिठ्ठीला वजन आहे, खाली जमीन आहे. आणि हे सारे कोणी लिहून ठेवावे लागत नाही. पडद्यावर मात्र यांतले काहीच आपोआप नसते. पडद्यावरून निसटलेली चिठ्ठी, प्रोग्राम लिहिणाऱ्याने खाली जमीन लिहिली नसेल तर, कोठेच पडत नाही! क्रिया नैसर्गिक दिसते म्हणूनच माणूस निःशंकपणे हात पुढे करतो. आणि म्हणूनच त्या हाताला फसविणे हा अधिक मोठा दोष ठरतो.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंगण कितीही सरळ केले तरी काही जणांना नाचता येणार नाही, आणि त्यांना नाचण्याची सक्ती करण्याचे कारणही नाही. कळ दाबून धरावयाची, ती न सोडता हात सरकवावयाचा, आणि नेमक्या जागी बोट उचलावयाचे. ही तीन कामे एकाच वेळी करणे सर्वांना सारखेच साधत नाही. मॅकेन्झी, सेलन व बक्स्टन या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नुसते लक्ष्य दाखविण्यापेक्षा ओढत नेणे अधिक सावकाश आणि अधिक चुकांचे ठरले. ही अडचण केवळ वृद्धांची आहे, असेही कोणी समजू नये. कोरी इंकपेन यांचा मुलांविषयीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ओढून सोडण्यापेक्षा, एक टिचकी मारून उचलणे आणि दुसरी टिचकी मारून ठेवणे ही रीत मुलांना जलद जमली; तीत चुकाही कमी झाल्या, आणि मुलांनी पसंतीही तिलाच दिली. तेव्हा ज्या मुलांनी बाईंना हसून घेतले, त्यांच्याच वयाच्या किंवा त्याहून लहान मुलांचाही हात या कामी अडखळतो, हे सिद्ध झालेले आहे.

ही दोन टिचक्यांची रीत म्हणजे दुबळ्यांसाठी काढलेली पळवाट, असा समज करून घेणेही चूक होय. झेरॉक्स कंपनीचा ‘स्टार’ हा संगणक १९८१ साली बाजारात आला. त्याच्या पडद्यावर कागदांची आणि कपाटांची चित्रे होती, हाताशी माऊस होता. तरीही वस्तू हलवावयाची तर ती निवडावी, कळफलकावरची ‘मूव्ह’ ही कळ दाबावी आणि मग नवी जागा दाखवावी, अशी त्याची पद्धत होती. निवडून मग जागा दाखविण्याची ही चाल पडद्यावरच्या चित्रांइतकीच जुनी आहे. आज ती न्याय्यही मानली जाते. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सुगम्यतेच्या नियमावलीची २.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत असा नियम आहे की, ओढण्याने जे काम होते ते ओढल्यावाचूनही, साध्या टिचक्यांनी, करता आले पाहिजे. ओढणे हाच त्या कामाचा गाभा असेल तर गोष्ट निराळी. हा नियम मुख्यतः संकेतस्थळांसाठी आहे हे खरे. परंतु माणसाचा हात संकेतस्थळासमोर एक आणि घरच्या प्रोग्रामसमोर दुसरा असतो काय?

मंडळातल्या एका विद्यार्थ्याने आमच्यापुढे प्रामाणिकपणे एक तक्रार मांडली. तो म्हणाला, “सर, चिठ्ठी हलविण्याचा मूळ भाग वीस-पंचवीस ओळींचा होता. तुम्ही सांगता ते सावरासावरीचे लिखाण त्याच्या तिप्पट झाले. एवढे कोण लिहितो?” आम्ही त्याला उत्तर दिले ते येथे नोंदवितो. घर बांधताना भिंती थोड्या दिवसांत उभ्या राहतात. पायऱ्या, कठडे, पन्हळ आणि उंबरठे यांना वेळ लागतो. परंतु पावसाळ्यात घरात राहणाऱ्याला सुख मिळते ते या दुसऱ्या कामामुळेच. वीस ओळी लिहून जी चिठ्ठी हलते ती लिहिणाऱ्याच्या हातून हलते. दुसऱ्याच्या हातून हलण्यासाठी उरलेल्या साठ ओळी लागतात. प्रोग्राम आपल्यासाठी लिहिला की दुसऱ्यासाठी, हे त्या साठ ओळींवरून कळते.

दोष मुलांचाच होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांनी प्रोग्राम अनेकदा चालवून पाहिला होता. पण प्रत्येक वेळी आपल्याच हाताने. आपण बांधलेल्या अंगणाचे खड्डे आपल्या पायांना पाठ झालेले असतात. ते चुकवून नाचणे आपल्याला साधते, आणि अंगण सपाट आहे असा भ्रम होतो. प्रोग्राम बाईंच्या हाती देण्यापूर्वी त्यांना शेजारी बसवून, काहीही न सांगता, त्यांचा हात कोठे अडतो ते पाहावे, हे आम्हांस सुचावयास हवे होते. ते सुचले नाही. त्याबद्दल आम्ही बाईंची समक्ष क्षमा मागितली आहे; येथे पुन्हा मागतो.

सुधारणा पुऱ्या झाल्या, तेव्हा ज्या मुलाने ती म्हण उच्चारली होती तोच आपण होऊन बाईंकडे गेला आणि “बाई, आता एकदा बघता का?” असे म्हणाला. बाई आल्या. तो शेजारी वही घेऊन बसला आणि मुळीच बोलला नाही. बाईंनी चिठ्ठीवर टिचकी मारली. तिच्याभोवती जाड रेघ आली. ज्या चौकटी रिकाम्या होत्या त्या उजळल्या. भरलेल्या तशाच राहिल्या. त्यांनी दुसरी टिचकी मारली आणि चिठ्ठी जागेवर जाऊन बसली. दहा-बारा चिठ्ठ्या अशा मांडल्यावर त्यांनी एक चिठ्ठी ओढूनही पाहिली आणि मुद्दाम पट्टीवर सोडली. ती निमूटपणे आपल्या मूळच्या जागी परत गेली. बाई हसल्या. “आता ही माझ्या टेबलासारखी वागते,” त्या म्हणाल्या. मुलाच्या वहीत त्या दिवशी आणखी तीन उणिवा टिपल्या गेल्या, हेही सांगितले पाहिजे. चिठ्ठ्यांचा डबा बाईंनी अद्याप टाकलेला नाही, आणि आम्हीही त्यांना तसे सुचविलेले नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी प्रोग्राम लिहिण्याचा श्रीगणेशा रंगीत ठोकळे ओढून एकमेकांना जोडण्यानेच केला आहे. तो ठोकळा तुमच्या हातून निसटला तरी हरवला नाही, जवळ नेताच जोडाची जागा उजळली, चुकला तर मागे घेता आला. हे सारे कोणीतरी तुमच्या चाचपडणाऱ्या हाताचा विचार करून लिहून ठेवले होते. आता लिहिण्याची पाळी तुमची आहे. आणि पालकांना आमची एवढीच विनंती की, घरी आजोबांचे बोट मोबाइलवर थरथरले, किंवा आईच्या हातून एखादे चित्र भलत्याच जागी जाऊन पडले, तर हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. नाचणाऱ्याला हसणे सोपे आहे. त्याआधी एकदा खाली वाकून अंगणाकडे पाहावे. ते वाकडे असण्याचा संभव आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक आहे.